ओरेस्ट दानिलुक नाही म्हणतो

ओरेस्ट दानिलुकला भांडता येत नाही, हे हॅल्डनमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शांत स्वभावाची माणसं गावात आणखीही आहेत, पण ती वरून गप्प असतात आणि आतून डूख धरतात. ओरेस्ट डूखही धरत नाही. समोरच्यानं आवाज जरासा चढवला की हा उजवा हात पुढे करतो आणि म्हणतो, "बरं." झालं. भांडण सुरू व्हायच्या आत संपलं.

ही खोड त्याला कर्लिंगनं लावली. सस्कॅचवान प्रांताच्या या टोकाला हिवाळा पाच महिने हलत नाही, आणि त्या पाच महिन्यांत करण्यासारख्या गोष्टी दोनच: चर्च आणि कर्लिंग. बर्फावरून चाळीस पौंडी दगड सरकवायचा, दोघांनी त्याच्यापुढे झाडू घासत पळायचं आणि पलीकडच्या वर्तुळात आपला दगड बसवायचा. असे आठ डाव. पंच नसतो, आपली चूक आपणच कबूल करायची. आणि आता काही खरं नाही असं दिसलं की कप्तानानं हात पुढे करून खेळ सोडून द्यायचा. त्यात कमीपणा काही नाही. उलट हरलेला खेळ रेटत बसणाऱ्यालाच लोक नावं ठेवतात.

पण त्यालाही काही काळवेळ असते की नाही? शहाणा माणूस सहा डाव होईस्तोवर हात खिशात ठेवतो. ओरेस्ट तिसऱ्या डावातच हात पुढे करायचा. एकदा तर त्याचाच संघ पुढे होता.

"अरे बाबा, आपण जिंकतोय!" त्याचा गडी फ्लॉइड ओरडला.

"हो, पण ते फार मनाला लावून घेत होते," ओरेस्ट म्हणाला.

जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पाजायचं, अशी आमची रीत आहे. या रीतीपायी ओरेस्टनं अख्ख्या जन्मात स्वतःच्या खिशातून व्हिस्की म्हणून घेतली नाही. शेवटी गावकऱ्यांनी त्याचं कप्तानपद काढून घेतलं आणि त्याच्या हाती बर्फ दिला. बर्फ राखणं हे मात्र त्याला असं जमलं की विचारू नका. पहाटे पाचला कर्लिंगच्या शेडमध्ये जाऊन तो पृष्ठभाग खरवडायचा, मग पाठीवर पाण्याची टाकी घेऊन उलट्या पावलांनी चालत बारीक थेंब शिंपडत यायचा. त्या थेंबांचे दाणे गोठतात म्हणून तर दगड सरकतो. तिथं कुणी त्याला शहाणपण शिकवायला जात नाही. घरापासून तिथवर साठ पावलं. छत्तीस वर्षं तो ती साठ पावलं चालतोय.

आता त्याची बायको. व्हर्ना.

व्हर्नाच्या नाकावर माशी बसत नाही, आणि चुकून बसलीच तर तिचं काय होतं ते माशीलाच ठाऊक. तिच्याबद्दल एकच गोष्ट सांगितली तरी पुरे. एकदा गावातल्या दुकानानं तिला शिळे पाव दिले. ती म्हणाली, "या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही." दुसऱ्या दिवशी दुकानदार ताजे पाव घेऊन दारात आला, माफी मागितली, चूक नोकराची होती म्हणाला. व्हर्नानं पाव घेतले, माफी घेतली, कॉफी पाजली. आणि पुढची अकरा वर्षं किराण्यासाठी अडतीस किलोमीटर गाडी हाकत राहिली. का? तर बोलून बसली होती. तिचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ. तिला पश्चात्ताप होत नाही असं नाही. तो चांगला होतो. फक्त मागे फिरायचा गिअर देवानं बसवला नाही.

त्यांची मुलगी कॅरलिन सास्काटूनला एका कचेरीत आहे. एकदा नाताळला ती स्वभाव ओळखण्याचा एक छापील कागद घेऊन आली. चाळीस प्रश्न: घरात मतभेद झाले की तुम्ही काय करता वगैरे. व्हर्नानं चार मिनिटांत कागद भरला आणि सात प्रश्न चुकीचे विचारलेत म्हणून लाल पेनानं दुरुस्त करून दिले. ओरेस्टनं चाळीसही प्रश्नांना "कधी कधी" वर खूण केली.

"बाबा, यातून काहीच निघत नाही," कॅरलिन म्हणाली.

"मग तू सांग, कुठं खूण करू?" ओरेस्ट म्हणाला.

कॅरलिननं कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि परत तो विषय काढला नाही.

तर अशा या दोघांचं घर गेल्या वर्षी विकायला निघालं. त्याचं असं झालं.

फेब्रुवारीतला रविवार. बाहेर उणे चौतीस. तळघरातली घर तापवणारी भट्टी महिन्याभरात दुसऱ्यांदा बंद पडली होती आणि ओरेस्ट तिला चालू करून नुकताच वर येऊन बसला होता. व्हर्ना कोट घालून अंडी तळत होती. ती भट्टीवर चिडली होती, थंडीवर चिडली होती, आणि दोन्हींना ऐकू येत नसल्यामुळे नवऱ्याला म्हणाली, "खड्ड्यात गेलं हे घर. विकून टाकू आणि जाऊ सास्काटूनला कॅरलिनजवळ. काय?"

आता हे काही बोलणं झालं का? असली वाक्यं आमच्याकडे प्रत्येक घरात फेब्रुवारीभर चालू असतात. कुठल्याही नवऱ्यानं "आधी अंडी दे" म्हटलं असतं आणि विषय तिथंच मिटला असता.

ओरेस्टनं काटा खाली ठेवला. टेबलावरून हात पुढे केला. म्हणाला, "बरं."

व्हर्ना त्या हाताकडे पाहत राहिली.

"बरं म्हणजे?"

"म्हणजे जाऊ."

"आणि बर्फ कोण राखणार?"

"बघतील कुणीतरी."

गावात बर्फ राखायला दुसरं कुणी नव्हतं, हे तिला माहीत होतं, त्यालाही होतं. तो नाही तर पुढच्या हिवाळ्यात कर्लिंगला कुलूप. व्हर्ना उभीच होती. तिला काय वाटत होतं ते ओरेस्टला कळलं नाही. त्याला एवढंच दिसलं की बायकोचं तोंड लाल झालंय, म्हणजे तिला हे फार मनापासून हवंय. त्यानं हात आणखी जरा पुढे केला.

"ठीक तर मग," व्हर्ना दात आवळून म्हणाली. "विकू."

अंडी करपली.

भीड भिकेची बहीण म्हणतात. ओरेस्टच्या घरी ती सख्खी बहीण होऊन राहायला आली. सोमवारी दलाल आला, डॅरिल नावाचा. शेजारच्या गावातला, गुळगुळीत दाढीचा, सगळ्यांना पहिल्याच भेटीत नावानं हाक मारणारा. जमीन दगडासारखी गोठलेली, त्यामुळे 'विकणे आहे'ची पाटी त्यानं बर्फाच्या ढिगात खोचली. वारा सुटला की ती पडायची. रोज सकाळी ओरेस्ट बर्फ राखून परत येताना ती उचलून सरळ करायचा. ती पाटी त्याला बघवत नव्हती. पण व्हर्नाला हवंय ना, मग आपण मोडता का घालावा, असं म्हणून तो ती आणखी घट्ट खोचायचा.

आणि खिडकीतून व्हर्ना बघायची, की हा माणूस रोज न चुकता पाटी सरळ करतो. म्हणजे याला जायची घाईच झालीय.

मार्चमध्ये तिनं आवराआवर काढली. आवराआवर कसली, नवऱ्याला डिवचायला काढलेली मोहीम ती! आधी त्याची टीव्हीसमोरची खुर्ची चर्चच्या विक्रीला द्यायची ठरली. बावीस वर्षांत त्या खुर्चीला ओरेस्टच्या पाठीचा आकार आला होता.

"ही देऊन टाकते," व्हर्ना म्हणाली. "तिकडच्या घरात मावायची नाही."

"बरं," ओरेस्ट म्हणाला, आणि स्वतः उचलून गाडीत ठेवून आला. त्या दिवसापासून तो हॉकी उभ्यानं बघू लागला.

मग त्याच्या बापाची ऐरण गेली. मग त्याचे सगळे जुने झाडू. प्रत्येक वेळी व्हर्ना वस्तू दारात नेऊन ठेवायची, कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि वाट बघायची. प्रत्येक वेळी ओरेस्ट "थांब, जड आहे, मी नेतो" म्हणायचा.

"तुला काहीच वाटत नाही का रे?" एकदा तिनं विचारलं.

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलही!"

ओरेस्टला यात चढा आवाज ऐकू आला. त्याचा हात आपोआप वर येऊ लागला. व्हर्नानं हातातला फडका त्या हातावर फेकला आणि ती मागच्या अंगणात निघून गेली. तिथं तिच्या आंबट चेरीची सहा झाडं होती. ती बर्फात गुडघाभर रुतून त्या झाडांशेजारी बराच वेळ उभी होती. ओरेस्टनं खिडकीतून पाहिलं आणि मनात म्हटलं, छाटणीचा विचार करत असेल.

एप्रिलच्या शेवटी गिऱ्हाईक मिळालं. तरुण जोडपं, पहिलंच घर, जूनमध्ये राहायला येतो म्हणाले. शनिवारी सकाळी दहाला डॅरिल कागद घेऊन आला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. टेबल अजून विकलं गेलं नव्हतं. व्हर्नानं कॉफी दिली, केक दिला. चष्मा लावला आणि पेन घेऊन सगळीकडे सही केली. तिची सही नेहमी कागद फाटेल इतकी जोरात असते. त्या दिवशी ती जेमतेम उमटली. ओरेस्टला ते दिसलं, पण त्याला वाटलं पेन खराब असेल.

"आता तुम्ही, ओरेस्ट," डॅरिलनं कागद सरकवले. "इथं, इथं आणि इथं. आणि हो, एक किरकोळ गोष्ट. ती पोरं विचारत होती, तळघरातला मोठा फ्रीजर घराबरोबर मिळेल का."

"देऊन टाका," व्हर्ना म्हणाली.

"नाही," ओरेस्ट म्हणाला.

डॅरिलनं मान वर केली. व्हर्नानं चष्मा काढला. बोलणाऱ्यालाच सगळ्यात जास्त धक्का बसला होता. त्यानं मागे वळून पाहिलं, आणखी कुणी बोललं की काय म्हणून.

"फ्रीजर नाही?" डॅरिल म्हणाला. "काही हरकत नाही. फ्रीजर सोडून घर, असं लिहू."

"घरही नाही," ओरेस्ट म्हणाला.

त्यानं हात टेबलाच्या कडेला धरून ठेवले होते. सोडले असते तर त्यातला एक कुठं गेला असता याची त्याला खात्री नव्हती. डॅरिल बिचारा त्याच्याकडून तिच्याकडे, तिच्याकडून त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी जरा गाडीत बसतो," आणि केकचा तुकडा घेऊन बाहेर गेला.

दार बंद झालं आणि व्हर्ना उठली.

"म्हणजे काय रे हे? आज? सही करायच्या वेळेला? दोन महिने मूग गिळून बसलास आणि आज वाचा फुटली?"

"मला जायचं नाही."

"कुठं?"

"सास्काटूनला. मला इथंच राहायचंय. बर्फ आहे माझा इथं."

"मग 'बरं' का म्हणालास?"

"तुला जायचं होतं म्हणून!"

"मला?" व्हर्नाचा आवाज असा चढला की बाहेर डॅरिलनं गाडीची काच वर केली. "मला जायचं होतं? माझे आई-बाप या मातीत पुरलेत! ती सहा झाडं माझ्या हातची आहेत! मी भट्टीवर चिडले होते, मूर्खा, भट्टीवर!"

"मग नको म्हणायचं होतंस."

"मी कशी म्हणणार? मी बोलून बसले होते!"

हे खरंच होतं. तिला चाळीसएक वर्षं ओळखणाऱ्या माणसानं हे ध्यानात ठेवायला हवं होतं.

"तू नाही म्हणणं हे तुझं काम होतं," ती म्हणाली. "मी तोडायचं आणि तू धरायचं. जगभर नवरे धरतात. खुर्ची दिली तेव्हा वाटलं, आता तरी बोलेल. ऐरण दिली. तुझ्या बापाची ऐरण, ओरेस्ट! आणि तू म्हणालास, थांब, जड आहे."

"जड होती."

"मला माहितीय जड होती!"

नेहमीचा ओरेस्ट इथं हात पुढे करून मोकळा झाला असता. पण एकदा नाही म्हणून झालं होतं, आणि सांडलेलं दूध काही परत भांड्यात जात नाही. तो म्हणाला, "ती खुर्ची मला हवी होती."

"मग सांग ना!"

"सांगतोय. खुर्ची हवी होती. ऐरण हवी होती. आणि हे स्वयंपाकघर पिवळं आहे ते मला आवडत नाही. कधीच आवडलं नाही. आणि तुझा भाऊ मला आवडत नाही. आणि कोबीच्या गुंडाळ्यांत तू व्हिनेगर फार घालतेस."

व्हर्ना थबकली. भाऊ तिलाही आवडत नव्हता, पिवळ्या रंगाचं तिला काही नव्हतं, पण कोबीच्या गुंडाळ्या तिच्या आईच्या होत्या.

"एकेचाळीस वर्षं खाल्ल्यास," ती म्हणाली.

"हो."

"दर वेळी म्हणालास, छान झाल्यात."

"हो."

ती खुर्चीवर बसली. आवाज एकदम खाली आला, आणि ओरेस्ट खरा घाबरला तो तेव्हा. ओरडणारी व्हर्ना त्याच्या सवयीची होती. ही नव्हती.

"मग मला एक सांग," ती म्हणाली. "आणि खरं सांग. शहात्तर साली, लग्नाचं तुला मी विचारलं होतं. तू नाही, मी. गावच्या नाचाला, कोटाच्या खुंट्यांपाशी उभी राहून मी म्हटलं, आपण लग्न करू या का. तू काय म्हणालास आठवतंय?"

"बरं म्हणालो."

"बरं म्हणालास. आणि हात पुढे केलास." तिनं टेबलावरचे केकचे कण बोटानं गोळा केले. "ज्या माणसाला नाही म्हणताच येत नाही, त्याच्या 'हो'ला काय अर्थ आहे? एकेचाळीस वर्षं मी तुझ्याशी भांडतेय, ते काय मला भांडायची हौस आहे म्हणून? थोडी आहे. पण मला बघायचं होतं, हा माणूस कशालातरी नाही म्हणतो का. एकदा जरी म्हणाला असता तरी मला कळलं असतं, की त्या दिवशीही म्हणू शकला असता. घराला बरं, खुर्चीला बरं, व्हिनेगरला छान. मग मी कोण? मीही व्हिनेगरच का?"

ओरेस्टनं डोकं खाजवलं. बाहेर डॅरिल केक संपवून बोटं चाटत होता.

"तुझ्या दोन आठवडे आधी बर्निसनं विचारलं होतं," ओरेस्ट म्हणाला.

"कोण बर्निस?"

"कुशनिरांची बर्निस."

"आपली बर्निस? चर्चमध्ये माझ्या शेजारी बसते ती? दर गुरुवारी माझ्याबरोबर बटाट्याच्या पेरोगी वळते ती बर्निस?"

"तीच."

"काय विचारलं होतं?"

"हेच. लग्नाचं."

व्हर्नाचं तोंड उघडं राहिलं. "मग?"

"मी नाही म्हणालो."

"तू."

"हो."

"नाही म्हणालास. कसा?"

"तोंडानं," ओरेस्ट म्हणाला. "म्हटलं, नाही, बर्निस. ती का म्हणाली. मी म्हटलं, सांगता येत नाही. ती रडली. तिच्या बापानं वर्षभर मला ट्रॅक्टर दिला नाही."

"आणि का नाही म्हणालास?"

हा प्रश्न ओरेस्टला निव्वळ खुळचटपणाचा वाटला. पण ती वाट बघत होती, म्हणून त्यानं उत्तर दिलं. "तू विचारशील असं वाटत होतं. पक्कं काही नव्हतं. तू तेव्हा त्या लांबड्या मास्तराबरोबरही नाचायचीस. दोन आठवडे मला जेवण गेलं नाही."

व्हर्ना रडायला लागली. तिला रडताना गावात कुणी पाहिलेलं नाही. आईच्या अंत्यविधीला ती पाद्र्याच्या चुका काढत होती. ओरेस्ट उठून तिच्यामागं जाऊन उभा राहिला. हात कुठं ठेवावा ते न कळून त्यानं तो तिच्या डोक्यावर ठेवला.

"एकेचाळीस वर्षं," ती हुंदके देत म्हणाली, "एकदाही सांगायला काय झालं होतं रे तुला?"

"कसं सांगणार? तुम्ही दोघी मैत्रिणी," ओरेस्ट म्हणाला. "उगाच भांडण झालं असतं."